कच्च्या रंगाचं गाव

कापडाचा रंग पक्का की कच्चा, हे ओळखायची माझ्या वडिलांची रीत साधी होती. अंगठा जिभेला लावायचा आणि कापडाच्या कोपऱ्यावर जोरात घासायचा. अंगठ्यावर रंग उतरला की कापड बाद. बाबा काळाचौकीतल्या एका गिरणीत रंगखात्यात होते. लग्नाच्या बस्त्याला त्यांना सोबत न्यायचं म्हटलं की नातेवाईक दोनदा विचार करायचे, कारण दादरच्या भल्या मोठ्या दुकानात गादीवर बसून ते शालूच्या पदरालाही थुंकी लावायला कमी करत नसत. १८ जानेवारी १९८२ला संप सुरू झाला, अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर पडले, त्यांत बाबाही होते. ते पुन्हा खात्यात गेले नाहीत. अंगठा मात्र शेवटपर्यंत चालू राहिला आणि पुढे तो माझ्याकडे आला. आजही फुटपाथवर ओढणी घेताना माझा हात आपसूक तोंडाकडे जातो.

हे सांगायचं कारण, हाताला रंग लागला नाही तर कापडच हलकं समजतात, असं एक गाव आम्ही दोघं पाहून आलो.

गावाचं नाव जानेट. अल्जीरियाच्या आग्नेय कोपऱ्यात, लिबियाच्या सरहद्दीजवळ. तिथून नायजरही फार लांब नाही. राजधानी अल्जियर्सपासून रस्त्याने गेलं तर दोन हजार किलोमीटरहून जास्त. तुआरेग लोकांच्या केल अज्जेर या शाखेचं हे जुनं ठाणं. फ्रेंचांनी १९११ साली ते घेतलं, टेकाडावर किल्ला बांधला आणि आपल्या एका अधिकाऱ्याचं नाव ठोकून त्याला फोर्ट शार्ले म्हणायला लागले. १९६२ला फ्रेंच गेले, नावही गेलं. किल्ला आहे.

जायचं वेड ह्यांचं. हे गोदीतून निवृत्त झाले आणि माझं सासर राजापूर तालुक्यात. गावावरचा सडा म्हणजे ह्यांच्या लहानपणी गुरं सोडायची जागा, एवढीच त्याची किंमत. त्याच सड्यांवर कातळात खोदलेली चित्रं आहेत हे सुधीर रिसबूड, धनंजय मराठे अशा रत्नागिरीच्या मंडळींनी उन्हातान्हात पायपीट करून लोकांपुढे आणलं. २०२२ साली कशेळी, बारसू, देवाचे गोठणे, उक्षी, कुडोपी अशी ठिकाणं युनेस्कोच्या संभाव्य यादीत गेली आणि आमच्या घरात दुसरा विषयच उरला नाही. कशेळीचा हत्ती अठरा मीटर लांब आहे आणि त्याच्या पोटात आणखी जनावरं कोरलेली आहेत, हे मी आता झोपेतही सांगू शकते. कशेळी झालं, मध्य प्रदेशात जाऊन भीमबेटका झालं, आणि मग एका रात्री ह्यांनी जेवता जेवता जाहीर केलं, की जगातली सगळ्यात मोठी दगडी चित्रशाळा जानेटजवळच्या तासिलीला आहे आणि गुडघे चालताहेत तोवर ती बघून घ्यायला हवी.

अभ्युदय नगरात बातमी फुटायला वेळ लागला नाही. शेजारच्या वहिनी म्हणाल्या, “वाळूच बघायची तर गिरगाव चौपाटी काय वाईट आहे? भेळ तरी मिळते.” लेकाला काळजी वेगळी होती. त्याने २००३ सालची बातमी शोधून काढली. अल्जीरियाच्या सहारात त्या वर्षी ३२ युरोपियन पर्यटकांना पळवून नेलं होतं. जानेवारी २०१३मध्ये त्याच बाजूला इन अमेनासच्या गॅस प्रकल्पावर हल्ला झाला. त्यानंतर कित्येक वर्षं जानेटची हॉटेलं नि उंट बसून होते. आता पर्यटक परत येताहेत, पण एकट्यादुकट्याने फिरायला मनाई आहे. सरकारमान्य प्रवास कंपनी लागते, गाडीत गाईड लागतो, गाव सोडून बाहेर पडताना चौकीवर नाव-गाव लिहून द्यावं लागतं. लेकाचं समाधान झालं नाही, पण सुनेचं झालं. तेवढं आम्हाला पुरेसं होतं.

मुंबईहून दोहा, दोह्याहून अल्जियर्स, तिथून रात्रीचं विमान. याबद्दल लिहिण्यासारखं काही नाही. जानेटच्या विमानतळावर मात्र एक गंमत झाली. तिथल्या तरुण पोलिसाने आमचे पासपोर्ट उलटेपालटे केले, कपाळाला आठ्या घातल्या, वर पाहिलं आणि म्हणाला, “हिंद? जानितू!” मला वाटलं गावाचं नाव सांगतोय. शेजारचा पोलीसही हसायला लागला आणि दोघांनी मिळून एक चाल गुणगुणायला सुरुवात केली. चाल ओळखीची वाटत होती, शब्दांचा मात्र पत्ता लागेना. ह्यांनी बरोबर पकडलं: ‘आ गले लग जा’मधलं गाणं! १९७३चा हा सिनेमा आपल्याकडे लोक विसरले, अल्जीरियात तो ‘जानितू’ या नावाने घराघरात माहीत आहे. शशी कपूर, शर्मिला टागोर आणि आर. डी. बर्मन. दिग्दर्शक आपल्या खेतवाडीतले मनमोहन देसाई. गिरगावच्या गल्लीत क्रिकेट खेळणाऱ्या माणसाची पुण्याई आम्हाला सहाराच्या सरहद्दीवर अशी फळली. शिक्का मारताना त्या पोराने शशी कपूरची खुशालीही विचारली. ते २०१७लाच गेले, हे सांगायला माझी जीभ उचलेना. ह्यांनी सांगितलं.

जानेट पहाटे दिसलं. मनात वाळूचा समुद्र धरून गेलो होतो, आणि समोर दिसत होते काळपट दगडाचे डोंगर. त्यांच्या कुशीत खजुरांची लांबच लांब बाग, मधून एका कोरड्या नदीचं रुंद पात्र, आणि पात्राच्या दोन्ही अंगांना चढत गेलेली दगड-मातीची घरं. जुन्या वस्त्या तीन. एल मिहान, अझेलुआझ आणि अजाहिल. त्यांच्या मधल्या जागेत नवं गाव पसरलंय. बँक आहे, शाळा आहेत, दवाखाना आहे, पेट्रोल पंपावर टोयोटांची रांग आहे. दुकानांच्या पाट्या अरबी नि फ्रेंचमध्ये, आणि सरकारी पाट्यांवर तिसरी तिफिनाग लिपी, गोल, टिंबं नि काटक्यांची. आणि सगळ्यांच्या काखोटीला लांबलचक फ्रेंच पाव. एकशे बत्तीस वर्षांनी लढून ज्यांना हाकललं त्यांचा पाव मात्र या लोकांनी ठेवून घेतला, आणि सरकारी अनुदानामुळे तो स्वस्तही आहे. सकाळी बेकरीसमोर निळ्या-काळ्या फेट्यांतली उंच माणसं चार-चार पाव बगलेत मारून घरी निघालेली दिसली. फोटोच काढायचा तर माझ्या मते त्यांचा काढावा, उंटाचा कोणीही काढतो.

पुरुषांच्या तोंडावर कापड आणि बायकांचे चेहरे उघडे, हे तुआरेगांबद्दल आधीच वाचलं होतं. तरी प्रत्यक्ष पाहताना पहिला दिवसभर चुकल्यासारखं वाटत राहतं. मुलगा वयात आला की त्याला फेटा मिळतो, तागेलमुस्त. मग तो डोक्याला गुंडाळून त्याचं टोक नाकावरून खाली सोडायचं. थोरामोठ्यांसमोर तोंड उघडं टाकायचं नाही आणि सासू-सासऱ्यांसमोर तर मुळीच नाही. जुन्या रीतीचा माणूस सासूसमोर चहासुद्धा फेट्याआडून पितो. हे ऐकल्यावर ह्यांनी माझ्याकडे जे पाहिलं ते इथे लिहीत नाही. गाईडने ह्यांनाही बाजारातून पाच मीटर काळं मलमलीसारखं कापड घेऊन दिलं आणि बांधून दिलं. एक टोक दातात धरायचं, पहिला वेढा हनुवटीखालून, मग कपाळावरून, मग कापडाला पीळ देत गोल गोल, आणि शेवटचं टोक कानाशी खोचायचं. ह्यांच्या डोक्यावर ते दर अर्ध्या तासाने सुटायचं. दुसऱ्या दिवशी एका म्हाताऱ्याला राहवलं नाही. रस्त्यात ह्यांना थांबवून, एक अक्षर न बोलता त्याने सगळं सोडलं आणि नव्याने बांधून दिलं, तेव्हा कुठे ते बसलं.

तंबू बाईचा असतो, हेही गाईडने सांगितलं. लग्नात बाईच्या माहेरच्या बायका तो तिला करून देतात. नवराबायकोचं फाटलं तर तंबू बाईकडे राहतो आणि बाहेर पडतो तो पुरुष. आता जानेटला तंबूत कोणी राहत नाही, सिमेंटची घरं झालीत, खटले कोर्टात जातात. पण सांगताना त्याच्या आवाजात जरब होती. तो स्वतः त्यातून गेला असावा, असा माझा अंदाज.

सगळं गोडच आहे असं नाही. चांदीचे दागिने नि तलवारी घडवणारे कारागीर म्हणजे इनाडेन, त्यांची घरं वेगळी. त्यांच्या हातची वस्तू हवी, लग्नकार्यात निरोप घेऊन जायला ते हवेत, पण सोयरीक नको. खजुराच्या बागा शिंपणारी काळीसावळी माणसं कोणाची वंशज, असं विचारलं की उत्तर लांबतं. केल अज्जेर सरदारांकडे गुलाम असत, ही काही लपलेली गोष्ट नाही. “आता सगळे सारखे,” गाईड म्हणाला. महाराष्ट्रातून गेलेल्या माणसाला हे वाक्य कोणत्या सुरात म्हणतात ते पाठ असतं. मी पुढे विचारलं नाही.

आता कापड.

बाजारपेठ छोटीशी. मोबाइलची कव्हरं, कांदे, खजूर, प्लास्टिकच्या चपला. कापडाच्या दुकानात रंगीत व्हॉइलचे तागे होते, पांढरे, पोपटी, जांभळे, सगळे गिरणीचे. रोजचा फेटा आता याचाच. मी बोट लावून पाहिलं, वीण सैल, सूत बरं, रंग पक्का. दुकानदार साठीचा असेल. गाईडने त्याच्या कानात काहीतरी सांगितलं. बहुधा बाईचे वडील गिरणीत होते असं काहीतरी. तो उठला, आतून पत्र्याचा एक डबा घेऊन आला आणि त्यातून कागदात बांधलेली पुडी काढली. चहाच्या पुडीएवढी. कागद उलगडला तर आत घडीवर घडी घातलेलं कापड, आणि ते निळं म्हणावं की काळं, की तांब्याचं म्हणावं, हे मला कळेना. कार्बन पेपरसारखी त्यावर चमक होती.

हे आलेशू. खरा तागेलमुस्त याचा. नायजेरियात कानो शहराच्या परिसरात ते पूर्वापार बनत आलंय. त्या शहरातली कोफार माताची नीळकुंडं १४९८पासूनची मानतात. मी ते दाराच्या उजेडात नेऊन चष्मा लावून पाहिलं. अखंड कापड नव्हतंच ते. बोटभर रुंदीच्या पट्ट्या विणून त्या एकमेकींना हाताने शिवून जोडल्या होत्या, शेकड्याने टाके, आणि उलट्या बाजूनेही शिवण हाताला लागत नव्हती. आधी पट्ट्या जोडायच्या, मग नीळकुंडात पुन्हा पुन्हा बुडवायचं, वाळवायचं, आणि शेवटी लाकडी मोगऱ्यांनी कुंदी करायची. कुंदी करताना वरून निळीची भुकटीही ठोकून बसवतात, म्हणून ती धातूसारखी झाक येते. आमच्या गिरण्यांत हे काम कॅलेंडर मशिनचे तापलेले रूळ करायचे. इथे माणसं समोरासमोर बसून तालात मोगऱ्या हाणतात.

बाबा सांगायचे, नीळ ही सगळ्या रंगांत लबाड. कुंडातून कापड वर येतं ते हिरवट पिवळं. हवा लागली की डोळ्यांदेखत निळं होतं. नवा हेल्पर पहिल्यांदा ते पाहतो तेव्हा त्याला वाटतं रंग चुकला, आणि तो मुकादमाला हाक मारतो. कानोच्या कुंडातही तेच होतं, गिरणीत जिगर मशिनवरही तेच व्हायचं. नीळ पाण्यात विरघळत नाही, तिला आधी विरघळेल अशी करून सुतात शिरवायची आणि मग हवेने पुन्हा घट्ट करायची, एवढाच सगळा खेळ. जी नीळ आत शिरते ती पक्की. जी वरवर बसते ती सुटते. मुंबईत ती वरवरची धुऊन टाकायला साबणाचं उकळतं पाणी वापरत. इथे तीच मुद्दाम ठेवतात, वर आणखी ठोकतात.

माझा अंगठा जिभेला कधी लागला ते मला कळलंही नाही. मी कापडाचा कोपरा घासला. अंगठा निळाजांभळा, नखाच्या कडेपर्यंत. ह्यांनी कपाळाला हात लावला, कारण दुसऱ्याच्या दुकानात थुंकी लावलेलं महागाचं कापड म्हणजे आता ते घ्यावंच लागणार. पण दुकानदाराचा चेहरा, जेवढा फेट्याच्या फटीतून दिसत होता तेवढा, खुलला. त्याने आपली बाही वर सारून मनगट दाखवलं. कातडीत निळा रंग मुरला होता, सुरकुत्यांमध्ये जास्त. फेट्याचा रंग अंगाला लागतो, तो कातडीला कोरड्या हवेपासून राखतो, असं इथले लोक मानतात. आणि तोंडावर जितका निळा रंग, तितकं घर खातंपितं. युरोपियनांनी या लोकांना ‘निळी माणसं’ म्हटलं ते यावरून. लग्नाला, सणाला आलेशू बांधलेला माणूस घरी येतो तेव्हा त्याचे गाल निळे असतात, आणि ते तो लगेच धुऊन टाकत नाही.

बाबांच्याही नखांत निळा रंग असायचा. रविवारी आई त्यांना घासणीने हात घासायला लावायची, लग्नाकार्याला निघताना तर लिंबू लावून. पाहुण्यांत हात दाखवायची लाज. दिग्विजय, इंडिया युनायटेड, आसपासच्या गिरण्यांच्या रंगखात्यातली सगळीच माणसं पंक्तीत हातांवरून ओळखू यायची. इथे तोच रंग माणूस मिरवतो आणि ज्याच्या अंगाला तो लागत नाही त्याची कीव करतात. हा तागा बाबांच्या टेबलावर आला असता तर त्यांनी लाल खडूने त्यावर काट मारली असती. मी त्या दुकानात बसून बराच वेळ ठरवत होते, की यात बाबा बरोबर की हा दुकानदार. मला अजून बाबाच बरोबर वाटतात. पण मी बाद कापड पुडीत बांधून, डब्यात जपून ठेवलेलं पाहिलं, हेही खरं.

निळ्या कापडाचा आपला नि सहाराचा संबंध तसा जुना आहे, हे मला तिथे बसल्यावर आठवलं. अठराव्या-एकोणिसाव्या शतकात फ्रेंच व्यापारी पाँडिचेरीत विणून रंगवलेलं निळं सुती कापड जहाजांतून सेनेगल नदीवर न्यायचे. नदीपलीकडचे वाळवंटी लोक बाभळीचा डिंक आणायचे आणि मोबदला म्हणून हे कापड मागायचे. डिंकाचा भाव ताग्यांत ठरायचा, म्हणजे कापडच चलन होतं. युरोपातल्या गिरण्यांनी तसं कापड काढून पाहिलं, तर म्हणे तिथले लोक वास घेऊनच ते परत करायचे. त्यांना मद्रासकडचाच वास हवा. तो भाग जानेटपासून फार पश्चिमेला, लोकही तुआरेग नव्हेत. पण माझ्यासारखीच कोणी परीक्षा घेणारी माणसं तिथेही होती, याचं मला बरं वाटलं.

आलेशूची किंमत ऐकून ह्यांनी चष्मा काढून पुसला. दुकानदार म्हणाला, पाहिलंत तेवढं पुरे, आणि पुडी पुन्हा बांधायला लागला. आम्ही त्याच्याकडून साधं जांभळं व्हॉइल घेतलं.

दुसऱ्या दिवसापासून मात्र राज्य ह्यांचं. तासिली न’अज्जेर म्हणजे जवळजवळ ७२,००० चौरस किलोमीटरचं दगडी पठार, महाराष्ट्राच्या पावपटीला थोडं कमी. १९७२ साली त्याचं राष्ट्रीय उद्यान झालं, १९८२ला जागतिक वारसा यादीत गेलं. पंधरा हजारांहून जास्त चित्रं नि कोरीवकाम तिथे मोजलं गेलंय. वर पठारावर चढून जायचं तर दिवसेंदिवस चालावं लागतं, गाढवांवर सामान लादून. ते आमच्याने होण्यासारखं नव्हतं, म्हणून गाडी जाईल तेवढंच. गावाच्या दक्षिणेला तेघरघर्तला एका सुट्या खडकावर गाई कोरल्यात. मोठाली शिंगं, खाली वाकलेल्या माना आणि डोळ्यांखाली थेंब. रडणाऱ्या गाई म्हणून त्या प्रसिद्ध आहेत. गोष्ट अशी सांगतात, की गुराखी गाई घेऊन पाण्यावर आला तर पाणी आटलेलं.

ह्यांनी दगडाला हात लावला नाही, लावू देतही नाहीत. पण गुडघे टेकून, गाल जमिनीला लावून, तिरप्या उजेडात रेषेची खोली बघत बसले. रेषा दोन बोटं रुंद नि आत गुळगुळीत घासलेली. गाईचा खांदा, मान, जबडा एकाच रेषेत वळत जातात, हात कुठे थांबलेला दिसत नाही. “आमच्याकडे रेषा उथळ आहे,” हे म्हणाले. “जांभा खरबरीत, त्यात एवढी सफाई नाही येत. हा वालुकाश्म.” मग बराच वेळ गप्प बसून, “पण आमचा हत्ती मोठा आहे.” मी हसले नाही. आमच्या सड्यांवरच्या चित्रांत गेंडा, पाणघोडा ओळखणारे अभ्यासक आहेत. कोकणात आज यांतलं एकही जनावर नाही. तासिलीतही जिराफ, हत्ती, पाणघोडे रंगवलेत, आणि आज तिथे पाणी बघायला कोस कोस जावं लागतं. पाच-सहा हजार वर्षांपूर्वीपर्यंत सहारात पावसाचं मान बरं होतं, कुरणं होती, तळी होती, गुरं राखणारे लोक होते. त्यांनी स्वतःच्या गाई काढून ठेवल्या, म्हणून आपल्याला कळतं.

वरच्या चित्रांची कथा गाईडने रात्री सांगितली आणि तो त्या कथेवर अजून रागावलेला होता. १९५६ साली आंरी लोत हा फ्रेंच संशोधक चित्रकारांचा ताफा घेऊन पठारावर गेला. नकला करून पॅरिसला प्रदर्शन भरवलं, पुस्तक लिहिलं, जगभर नाव झालं. त्याला वाट दाखवली माशार जेब्रीन या तुआरेग वाटाड्याने, ज्याला पठाराचा कोपरा न् कोपरा ठाऊक होता. जगाला नाव कळलं लोतचं. वर चित्रं ठळक दिसावीत म्हणून लोतच्या माणसांनी ती ओल्या फडक्याने पुसली, आणि हजारो वर्षं टिकलेला रंग त्या पाण्याने फिका पडला. पुढे अभ्यासकांनी यावरून लोतला धारेवर धरलं. काही चित्रं तर त्याच्या ताफ्यातल्यांनीच गमतीने काढून ठेवली होती, असंही निघालं. ह्यांना हे ऐकून झोप लागेना. बारसूच्या सड्यावर रिफायनरीच्या सर्वेक्षणावरून जो वाद पेटला त्याचं सगळं रामायण ह्यांनी गाईडला रात्री अकरापर्यंत सांगितलं. गाईडला रिफायनरी म्हणजे काय ते सांगावं लागलं नाही. अल्जीरियाचं पोटच तेल नि गॅसवर आहे.

तो मुक्काम वाळूच्या टेकड्यांच्या पायथ्याला होता, अर्ग अदमेरच्या काठाला. थंडी एवढी की रजईत मोजे घालून झोपलो. जेवायला तागेल्ला. रव्याची जाड भाकर, निखाऱ्यांनी तापलेल्या वाळूत पुरून भाजलेली. वर काढल्यावर ड्रायव्हरने ती फडक्याने झटकली, सुरीने खरवडली, पाण्याचा हबका मारून धुतली आणि तुकडे करून मटणाच्या रश्श्यात कुस्करली. दाताखाली वाळू येईल या धास्तीने पहिला घास मी जपून खाल्ला, एक कण लागला नाही. रस्सा मात्र फिका. ह्यांच्या खिशात घरच्या मसाल्याची पुडी होती, हे मला तेव्हा कळलं. ड्रायव्हरने चव घेतली, डोळ्यांतून पाणी काढलं आणि पुडी मागून घेतली. मग चहा. चीनचा हिरवा चहा, भरपूर साखर, पुदिना, एका किटलीतून दुसऱ्या किटलीत उंचावरून ओतत फेस काढायचा. तीन पेले घेतल्याशिवाय उठता येत नाही, पहिला कडू, शेवटचा अगदी गोड. मला पहिलाच आवडला.

वाटेत एसेंदिलेनची घळ पाहिली. दोन्ही बाजूंना उभे कडे, मध्ये कोरड्या ओढ्यात फुललेली गुलाबी कण्हेर. माहेरच्या अंगणातलं झाड सहारात भेटेल असं वाटलं नव्हतं. जनावरं तिला तोंड लावत नाहीत, विषारी म्हणून, त्यामुळेच ती शिल्लक राहिली असणार. घळीच्या टोकाला पाण्याचा डोह आहे. काळं, गार, हालचाल नसलेलं पाणी.

परतताना ड्रायव्हरने गाडीत कॅसेट लावली. ऊद वाजत होतं, बायका मागून साथ देत होत्या, आवाज भरदार. उस्मान बाली, जानेटचाच. पेशाने इस्पितळात होता, गाणं रात्रीचं. फ्रान्सपर्यंत त्याने आपलं गाणं नेलं. “कसा गेला?” मी विचारलं. “पाण्यात,” ड्रायव्हर म्हणाला. मला वाटलं भाषेत गोंधळ झाला. पण २००५ साली खरंच नदीला अचानक लोंढा आला आणि त्यात तो वाहून गेला. वर्षात कधीतरी डोंगरावर कोसळतं, दगड पाणी पीत नाही, सगळं एकदम खाली येतं. कोरडं पात्र बघून माणूस गाफील राहतो. त्याच वर्षी २६ जुलैला सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पाऊस झाला आणि हे त्या रात्री गोदीतून कमरेएवढ्या पाण्यातून चालत आले होते. जेवढं सांगता आलं तेवढं आम्ही ड्रायव्हरला सांगितलं. वाळवंटातल्या माणसाला पुराची गोष्ट समजावून द्यावी लागेल असं धरून सुरुवात केली होती, त्याने मध्येच थांबवून विचारलं, “वीज किती दिवस नव्हती?”

शेवटच्या संध्याकाळी सबीबाचा विषय निघाला. मोहरममध्ये आशुराला जानेटला हा उत्सव होतो, २०१४पासून युनेस्कोच्या यादीत आहे. फराओ समुद्रात बुडाला, मूसाची माणसं सुटली, त्याचा आनंद म्हणून, असं इथले लोक सांगतात. दोन वस्त्यांत भांडण होतं, ते मिटवून तह झाला, त्याचीही आठवण त्यात आहे. खेळतात एल मिहान आणि अझेलुआझ या दोनच वस्त्या. दिवसचे दिवस तयारी चालते, मग आशुराला नदीच्या पात्रात दोन्हीकडचे पुरुष उंच टोप्या, निळे-काळे झगे, हातात तलवारी घेऊन समोरासमोर येतात आणि बायका ढोल वाजवत गातात. बायकांचं गाणं ज्या वस्तीचं जोरदार, तिचा वर्षभर दबदबा. तिसरी वस्ती अजाहिल फक्त बघते. हे लालबाग-काळाचौकीच्या गणपती मंडळांसारखं आहे, एवढं आमच्या लगेच लक्षात आलं. ह्यांनी फोन काढून आगमनाच्या मिरवणुकीचा व्हिडिओ दाखवला. ढोल-ताशा, ध्वज, खांद्यावर चढलेली पोरं. गाईड नि ड्रायव्हर डोक्याला डोकं लावून पाहत होते.

“यात जिंकतं कोण?” ड्रायव्हरने विचारलं. तो एल मिहानचा.

हे म्हणाले, तसं कोणी जिंकत नाही, पण आमचं मंडळ सगळ्यात भारी.

“आणि तुमच्याकडे?” मी विचारलं.

“एल मिहान,” ड्रायव्हर म्हणाला.

“गेल्या वर्षी आम्ही होतो,” गाईड म्हणाला. तो अझेलुआझचा. दोघं सख्ख्या मावसबहिणींची मुलं, पण त्यावरून जी जुंपली ती आम्हाला कळणाऱ्या भाषेत नव्हती. ड्रायव्हर स्टिअरिंग सोडून दोन्ही हातांनी बोलायला लागला, तेव्हा ह्यांनी त्याला समोर बघायला सांगितलं, एकदा हिंदीत, एकदा मालवणीत.